सूतगिरणीचा उरलेला हाफ

"आजोबा, तुमची टीम कधी जिंकली होती का हो?"

खरं तर हा प्रश्न रुद्राणीचा नव्हता. तो मृण्मयी आणि सृष्टी या दोघींनी तिच्या तोंडात घातला होता. दहावीचा शेवटचा पेपर टाकून आल्यापासून रुद्राणीच्या अंगात एक नवाच दम आला होता. तिनं रिक्षावाल्याला मागची सीट पुसायला लावली होती. शेजारच्या धोंडाबाईंना "काकू, आमच्या दारात राख टाकू नका" असं तोंडावर सांगितलं होतं, आणि त्यानंतर जिवंत घरी आली होती. मैत्रिणी या पराक्रमांना कंटाळल्या. "एवढी वाघीण झालीस ना, मग जा, आजोबांना ते विचार," असं म्हणून त्या कोपऱ्यावरच्या लिंबाच्या झाडाआड जाऊन उभ्या राहिल्या. मैत्रिणी पैज लावतात आणि झाडाआड उभ्या राहतात, ही जगाची रीतच आहे.

नांदेडच्या बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागं एक बास्केटबॉलचं कोर्ट होतं. एका खांबाला रिंग होती आणि दुसऱ्या खांबाला कुणाची तरी म्हैस. कडेच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर रोज संध्याकाळी तीन म्हातारे कोर्टाकडं तोंड करून बसत. पहिले रुद्राणीचे आजोबा हणमंतराव, गिरणीचे जुने टाइमकीपर. दुसरे माधवराव, गणिताचे रिटायर्ड मास्तर. तिसरे मारोतीमामा, ज्यांचं एकेकाळी गिरणीच्या गेटसमोर चहाचं हॉटेल होतं. समोर म्हशीशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं, तरी तिघं मॅच रंगात आल्यासारखे पुढं वाकून बसत.

प्रश्न ऐकून म्हशीनंसुद्धा रवंथ थांबवला.

"जिंकण्याच्या बेतात होती," आजोबा शेवटी म्हणाले.

"किती वर्षं?"

"सगळीच वर्षं," मारोतीमामा म्हणाले, आणि मग तिघंही एकदमच बोलायला लागले.

टीम साधीसुधी नव्हती. गिरणीनं खेळाडू पगारावर ठेवले होते. हजेरीपटावर कुणी फिटर, कुणी जॉबर. पण त्यांतल्या एकानंही कधी यंत्राला हात लावलेला नव्हता. "पगारी टीम होती, पोरी. प्रोफेशनल!" हा शब्द माधवराव छाती काढून उच्चारत. सोलापूरला हरली, तेव्हा हे तिघं सोलापूरला होते. हैदराबादला हरली, तेव्हा हैदराबादला. परभणीला तर समोरची टीम आलीच नव्हती, तरी पंचाशी भांडण काढून सूतगिरणी बाद झाली होती. मारोतीमामा त्या भांडणाबद्दल आजही हळव्या आवाजात बोलत.

"आन् लातूर?" असं रुद्राणीनं विचारलं मात्र, तिघंही म्हशीकडं बघायला लागले.

लातूरचं घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तुकड्यातुकड्यांनी. त्र्याण्णव सालचा गणेशोत्सव. लातूरच्या तेलगिरणीचीही अशीच पगारी टीम होती, आणि फायनल सूतगिरणी विरुद्ध तेलगिरणी अशी, लातूरच्या मैदानावर. पहिला हाफ झाला, एकेचाळीस-एकेचाळीस बरोबरी. तेवढ्यात विसर्जनाची मिरवणूक आली. फौजदारसाहेबांनी शिट्टी मारून सांगितलं, मैदान रिकामं करा, उरलेला हाफ उद्या सकाळी. दोन्ही टीमचे खेळाडू चड्डी-बनियनवरच मिरवणुकीत नाचले. गणपती बुडवून सगळं गाव झोपलं आणि पहाटे जमीन हलली.

सकाळी दोन्ही टीम तेलगिरणीच्या एकाच ट्रकमध्ये बसून किल्लारीकडं गेल्या. अंगात खेळाचे कपडे तसेच होते. हे तिघंही सोबत होते. पंधरा दिवस ती माणसं दगड उचलत राहिली. तिथं काय बघितलं, ते आजोबांनी घरात कधी सांगितलं नाही. परत आले ते एवढंच म्हणाले, "उरलेला हाफ झाल्याशिवाय मी लातूरच्या मातीला पाय लावणार न्हाई."

पुढं गिरणीच बंद पडली, पण शब्द काही बंद पडला नाही. रुद्राणीच्या राजश्रीआत्याचं लग्न लातूरच्या मुलाशी ठरलं, तेव्हा आजोबा लग्नाला "हो" म्हणाले आणि लातूरला "न्हाई". मग लग्न अहमदपुरात झालं, कारण ते दोन्ही गावांच्या मध्ये आहे. त्यानंतर बापलेकीच्या सगळ्या भेटी अहमदपूरच्या बसस्टँडवर. आत्या तिकडून डबा घेऊन येई, आजोबा इकडून केळी घेऊन जात, आणि लातूरच्या तेलातली भाजी खाताना प्रत्येक वेळी म्हणत, "तेल जरा कडवट लागून राहिलं."

हे सगळं रुद्राणीला आजवर गमतीचं वाटत होतं. पण आता गंमत तिच्याच दारात येऊन बसली होती. बाबांनी तिला अकरावीला लातूरला घालायचं ठरवलं होतं. त्या काळात नांदेडकडचं ज्याचं त्याचं हुशार लेकरू लातूरला जात होतं, आणि जे हुशार नव्हतं ते तर नक्कीच. धोंडाबाई तर गल्लीत ओरडून विचारत, "पोरगी लातूरला धाडून राहिलात की न्हाई? का घरातच सडवता?" राहायला आत्याचं घर होतं. सगळं जुळलं होतं. फक्त आजोबा दोन दिवस ताटावरून अर्ध्यावर उठले होते आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले होते, "जा बाळा. मी येत जाईन भेटायला. अहमदपूरला."

बसस्टँडवरच्या बाकड्यावर, मुतारीच्या वासात, दोन एसट्यांच्या मध्ये आजोबांना भेटायचं? दोन वर्षं?

"मग खेळून टाका ना तो हाफ!" रुद्राणी म्हणाली.

हे मात्र तिचं तिनंच म्हटलं. पैजेत नव्हतं.

इथून पुढं तिनं गप्प बसायला पाहिजे होतं. पण नवा दम हा नव्या चपलेसारखा असतो, जरा चावला तरी माणूस काढत नाही. दुसऱ्याच दिवशी माधवरावांनी समिती स्थापन केली. समितीत तीन माणसं आणि तिघंही अध्यक्ष, त्यामुळं काम करायला एकटी रुद्राणीच उरली. गल्लीत बातमी पसरली तसा सल्ल्यांचा पूर आला. कुणी म्हणालं आधी पत्रकार बोलवा, कुणी म्हणालं आधी आमदार बोलवा, आणि धोंडाबाई म्हणाल्या, "म्हाताऱ्यांना पळवून राहिलीस, आधी डॉक्टर बोलव."

खेळाडू शोधणं सोपं गेलं, कारण आपण एकेकाळी खेळाडू होतो हे सांगायला माणूस तयारच असतो. एक नायगावला रेशनचं दुकान चालवत होता, एक माहूरला गडाच्या पायथ्याशी प्रसाद विकत होता. टीमचा हुकमी एक्का धर्माबादला मिरचीच्या व्यापारात होता आणि फोनवर बोलतानाही शिंकत होता. "उंची तेवढीच हाय," तो म्हणाला, "रुंदी जरा वाढली." लातूरच्या बाजूनं जुना कॅप्टन माणिकप्पा सापडला, निलंग्याकडचा माणूस. त्यानं फोनवर एकच वाक्य उच्चारलं: "इतके दिवस कुठं मेला होतात रे?" मग फोन बायकोच्या हातात दिला.

खरी अडचण मैदानाची. ते लातूरच्या एका शिक्षणसंस्थेचं होतं. रुद्राणी आणि माधवराव अर्ज घेऊन गेले. आजोबाही निघाले होते, पण ते अहमदपूरला उतरून बसले. संस्थेच्या क्लार्कनं अर्ज चष्म्याच्या वरून वाचला, मग चष्म्यातून वाचला.

"क्रीडा, सांस्कृतिक का लग्न?"

"क्रीडा. उर्वरित अर्धा सामना," माधवराव म्हणाले.

"पहिला अर्धा कुठं झाला?"

"इथंच."

"मग त्याच्या परवानगीची झेरॉक्स जोडा."

"अहो, ती त्र्याण्णवची!"

"मग सामना मुदतबाह्य झाला," क्लार्क शांतपणे म्हणाला. "नव्यानं पूर्ण सामन्याचा अर्ज करा."

"पूर्ण खेळलो तर मरतील हो माणसं!"

"ते क्रीडामध्ये येत न्हाई," असं म्हणून क्लार्कनं चहा मागवला. तिघांसाठी मागवला, हे मात्र सांगितलं पाहिजे. माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडं अर्ध्याचा रकानाच नव्हता.

चहा पिता पिता त्यानंच वाट दाखवली. मैदान रविवारी 'गुणशिखर क्लासेस'कडं असतं, दुपारपर्यंत तिथं पोरांची टेस्ट चालते, त्यांच्या सरांना भेटा. सर भेटले. तरुण होते, घाईत होते, तीन मोबाइल बाळगून होते. "घ्या ना मॅच! चार ते सहा मैदान तुमचं. सहाला माझी बॅच बसते. फक्त आमचा एक छोटासा फ्लेक्स लागेल."

छोटासा फ्लेक्स रविवारी मैदानाच्या फाटकावर लागला तेव्हा त्यात फाटक दिसेनासं झालं. वर सरांचा हात जोडलेला फोटो, त्याखाली मागच्या वर्षी मेडिकलला लागलेल्या पोरांचे फोटो, त्याखाली 'प्रवेश सुरू', आणि अगदी तळाशी, जिथं गाढव खाजवायला उभं राहतं तिथं, 'सूतगिरणी वि. तेलगिरणी'.

नांदेडहून सगळे एसटीनं आले. आई-बाबाही आले, बाबांना त्या निमित्तानं क्लास बघायचा होता. अहमदपूर मागं पडलं तसे आजोबा सीटवर ताठ झाले. लातूरच्या स्टँडवर उतरताना त्यांनी पिशवीतून दोन पोती काढली. सूतगिरणीचीच जुनी पोती.

"हे कशाला, अण्णा?" बाबांनी विचारलं.

"शब्द म्हंजे शब्द. हाफ व्हायचाय अजून. मातीला पाय लागता कामा न्हाई."

मग मिरवणूकच निघाली. रुद्राणी पुढं पोतं अंथरी, आजोबा त्यावर दोन पावलं टाकत, थांबत, मारोतीमामा मागून दुसरं पोतं पुढं आणून देत. रिक्षापर्यंत जायलाच एवढा वेळ लागला की मध्ये एका बाईनं कुतूहलानं नमस्कार केला. आजोबांनी आशीर्वादही दिला.

मैदानावर पोहोचले तर फाटकाबाहेर भली मोठी रांग. माणसं, बायका, पोरं. पोरांच्या हातात पॅड, पेन्सिल, पाण्याची बाटली.

"बघा!" माधवरावांचे डोळे भरून आले. "विसरलं न्हाई लातूर."

रुद्राणीचंही मन भरून आलं, ते तिनं रांगेतल्या पहिल्या माणसाला विचारीपर्यंत. "काका, कुणाकडून तुम्ही? सूत का तेल?"

"आम्ही उदगीरकडून. परीक्षा किती मार्कांची हाय?"

झालं होतं ते असं. दुपारी टेस्टची पोरं बाहेर पडली, तेव्हा कुणीतरी फ्लेक्स बघून चौकशीला थांबलं. त्याच्यामागं दुसरं थांबलं. आणि त्या वर्षांत लातुरात क्लाससमोर दोन माणसं एकामागं एक उभी दिसली की तिसरा विचारत नसे, उभा राहत असे. आपण विचारीपर्यंत जागा संपल्या तर? रुद्राणी रांगेच्या कडेनं चालत सांगत सुटली, "अहो, परीक्षा नाहीये, मॅच आहे!" तर लोक एकमेकांना म्हणाले, "बघा, नांदेडवाले आपल्याला कटवून राहिलेत." रांगेच्या मधोमध तिला ओळखीचा शर्ट दिसला.

"बाबा!"

"अगं, रांग मोठी होती," बाबा ओशाळून म्हणाले. "म्हटलं, असू द्या."

"आई, तू पण?"

"मी यांचा नंबर धरून उभी होते," आई म्हणाली.

दोनशे पालक बघितल्यावर गुणशिखरच्या सरांना राहवेना. समई आली, टेबल आलं, शाली आल्या. आधी सरांनी प्रमुख पाहुण्यांचा सत्कार केला. प्रमुख पाहुणे सरांचे सासरे होते. मग सासऱ्यांनी सरांचा सत्कार केला. मग दहा खेळाडू, तीन अध्यक्ष, समितीच्या वतीनं रुद्राणी, आणि दोन वेळा मारोतीमामा, कारण ते चुकून परत रांगेत लागले. मग सर बोलायला उभे राहिले. जिद्द बास्केटबॉलला लागते, जिद्द मेडिकलला लागते, आणि जिद्दीच्या नोट्स आमच्याकडं मिळतात. खेळाडू उन्हात शाली पांघरून उभे होते. धर्माबादचा मिरचीवाला तर उभ्या उभ्या डुलकी खात होता.

रुद्राणी कडेला बॉल धरून उभी होती. घड्याळात साडेपाच वाजत आले होते आणि सर नुकतेच "थोडक्यात सांगायचं तर" या टप्प्याला पोहोचले होते. तिला रडू यायला लागलं. रडू आलं की राग येतो. रागात तिनं बॉल उचलला आणि लांबूनच रिंगकडं फेकला. बॉल कशालाही न लागता आरपार गेला. जाळीचा तो सुर्रकन आवाज माइकमध्ये आला आणि सरांचं वाक्य तुटलं.

माणिकप्पानं ती संधी साधली. "सर, टाळ्या!" असं ओरडून त्यानं टाळ्या पिटल्या, दोनशे माणसांनी पिटल्या, आणि कुणाला कळायच्या आत त्यानं बॉल हवेत उडवला. एवढ्या वर्षांनी दुसरा हाफ सुरू झाला.

आता खोटं कशाला बोला, खेळ बघण्यासारखा नव्हता. माहूरवाला पळाला की श्वास घ्यायला थांबे, आणि थांबला की देवीचं नाव घेई. नायगाववाल्यानं बॉल पकडला तो रेशनच्या पोत्यासारखा छातीशी धरला आणि सोडेचना. पण मैदानाच्या कडेच्या पायऱ्यांवर मात्र खरा सामना लागला होता.

"अय् माणिकप्पा! तेल प्यायलास का रे, घसरतोस कशाला?" हे आजोबा! घरात दूरदर्शनचा आवाज वाढला तरी कानावर हात ठेवणारे आजोबा! "पंच, डोळे हायत का बटनं? फाउल हाय फाउल! अरे तेलकटांनो, त्र्याण्णवलाबी असंच ढकललं होतं तुम्ही!" माणिकप्पा खेळता खेळता वळून म्हणाला, "हणमंतराव, गळा गेला न्हाई अजून तुमचा?" आणि आजोबांनी आनंदानं त्याच्या सात पिढ्या काढल्या. बोलता बोलता ते पोत्यावरून केव्हा उतरले आणि रेघेपर्यंत केव्हा गेले, ते त्यांनाही कळलं नाही. रुद्राणीनं मात्र बघितलं.

मिरचीवाल्यानं एक बास्केट केली. म्हणजे बॉल त्याच्या शिंकेनं उडाला, पण गेला. पलीकडून माणिकप्पानं लगेच एक केली. उदगीरचे काका पॅड वाजवून ओरडत होते. आपण कोणाकडून आहोत ते त्यांना अजून ठरवता आलं नव्हतं. त्रेचाळीस-त्रेचाळीस. आणि नेमकी तेव्हाच सहाची घंटा झाली. फाटकातून बॅच आत आली. पोरं गुमान मैदानात शिरली, चटया अंथरल्या, वह्या उघडल्या. धावत येणारा माहूरवाला चटईच्या काठाशी कसाबसा थांबला. एका मुलीनं वर बघून नम्रपणे विचारलं, "सर, आज तुम्ही घेणार का?"

मागं मिरवणूक आडवी आली होती, यंदा बॅच.

राजश्रीआत्या डबा घेऊन फाटकाशी उभी होती. तिचं घर तिथून दोन गल्ल्यांवर. "अण्णा, चला आता. पुरण घातलंय. नातू वाट बघून राहिलाय."

आजोबांनी खाली बघितलं. पायाखाली माती होती. ते मुकाट्यानं मागं गेले आणि पोत्यावर उभे राहिले. "हाफ झाला न्हाई, राजू," एवढंच म्हणाले.

"बरं," आत्या म्हणाली आणि तिथंच, पोत्याच्या काठावर बसून, तिनं डबा उघडला. नंतर हात धुताना रुद्राणी चिडून म्हणाली, "आत्या, एवढ्याशा मॅचसाठी कुणी असं वागतं का?" तर आत्यानं तिच्या हातावर पाणी घालत सांगितलं, "मॅचचं न्हाई गं ते. ट्रकमधून गेले होते ना तिकडं... त्याचं बोलता येत न्हाई त्यांना. मग हाफचं बोलतात. बोलू दे."

हात धुऊन झाले तरी रुद्राणी ते तसेच पुढं धरून उभी राहिली. आत्या तांब्या रिकामा होईपर्यंत पाणी घालत राहिली.

निघताना माणिकप्पा लंगडत आला. "मघाशी बॉल टाकलास तो नेम धरून का आपला असाच?"

"असाच," रुद्राणी म्हणाली. वाघीण असली तरी खरं बोलणारी होती.

"अय्यो, मग नेम धरून टाकशील तेव्हा काय होईल! मी इथं पोरींची टीम करून राहिलो. रविवार सोडून रोज, कॉलेज सुटलं की अंधार पडेस्तोवर. दिवाळीनंतर पहिली मॅच हाय, इथंच, नांदेडच्या पोरींशी." मग आजोबांकडं बघून तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "हरवणार त्यांना!"

"तोंड बघ आरशात!" आजोबा पोत्यावरून ओरडले. गळा पार बसला होता, पण चेहरा असा उजळला होता, जसा गेल्या कित्येक दिवसांत रुद्राणीनं बघितला नव्हता.

परतीच्या एसटीत मागच्या सीटवर तिघे अध्यक्ष माणिकप्पाच्या फाउलवर भांडत होते. आजोबांच्या आवाजाची नुसती फुसफुस उरली होती, तरी फुसफुस सगळ्यांत मोठी होती. पुढं बाबा खिडकीशी, त्यांच्या खिशात गुणशिखरचं माहितीपत्रक. रांगेचा नंबर शेवटी लागलाच होता.

"मग? क्लास चांगला हाय ना?" बाबांनी जपून विचारलं. "आत्या दोन गल्ल्यांवर."

"क्लासचं सोडा हो," आई म्हणाली. "लेकरू दोन वर्षं तिकडं राहणार, आणि अण्णा अहमदपूरच्या पुढं येणार न्हाईत. त्यांना सोसवेल का? हिला सोसवेल का?"

रुद्राणीनं एकदा मागं वळून आजोबांकडं पाहिलं. मग चालत्या एसटीत दांडी धरून उभी राहिली, सगळ्या बसला ऐकू जाईल अशी.

"आई, बाबा, माझं ठरलं. मी लातूरला जाते. क्लास तुम्ही म्हणाल तो लावा. पण संध्याकाळी मी माणिकप्पासरांच्या टीमकडून खेळणार. लातूरकडून, नांदेडच्या विरुद्ध."

मागची फुसफुस एकदम थांबली. "कुणाकडून?"

तिनं मागं बघितलं नाही. आईकडं वाकून, पण आवाज जराही कमी न करता ती म्हणाली, "आजोबा मला भेटायला काही लातूरला यायचे न्हाईत, आई. पण मला शिव्या द्यायला ते पहिल्या एसटीनं येतील."